दौलताबादचा हमाम आणि 'संस्कारां'ची पळवाट

१/७
दौलताबादची चर्चा अंधारी, खंदक आणि मेंढा तोफ यांवरच संपते. किल्ल्यातील हमामापाशी इतिहासप्रेमी क्वचितच रेंगाळतात. वस्तुतः गर्दीची वास्तू स्वच्छ कशी राहते, याचे उत्तर तिथेच आहे.

२/७
१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी येथे हलवली. एवढ्या वस्तीला पाणी हवे. सुमारे ३८ मीटर लांब-रुंद हत्ती हौद, सरस्वती बारव, डोंगराकडून येणारे खापरी नळ ही त्या गरजेची साक्ष होय.

३/७
हमाम म्हणजे केवळ देखणे घुमट नव्हेत. भट्टीला सरपण, हौदाला पाणी, मोरीची सफाई हे सारे रोज लागे. भट्टी विझली की हमामाची नुसती खोली उरे. स्वच्छता हे तिथे नित्याचे, नेमून दिलेले काम होते.

४/७
आज मात्र स्मारकातील कचऱ्याचे खापर 'लोकांच्या संस्कारां'वर फोडले जाते. हा युक्तिवाद सोयीचा आहे, खरा नाही. तोच पर्यटक पुण्या-नागपूरच्या मेट्रो स्थानकात वेष्टन खिशात ठेवतो. माणूस तोच, व्यवस्था निराळी.

५/७
शिक्षेची तरतूद आहेच. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर विद्रूपीकरणास २ वर्षांपर्यंत कैद वा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंडाने कचराकुंडी रिकामी होत नाही, शौचालयात पाणी येत नाही. चढउतारात दोन-तीन तास जातात. स्वच्छतागृहाची खात्री नसेल तर अनेक स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. हा दोष कोणाच्या संस्कारांचा?

६/७
'पूर्वी सारे स्वच्छ होते' हेही अर्धसत्यच. ती स्वच्छता ज्यांच्या श्रमावर उभी होती, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. जातीने ते काम त्यांच्या माथी मारले होते. गाडगेबाबांनी स्वतः खराटा हाती घेऊन त्या कामाची अप्रतिष्ठा झुगारली. त्यांच्या नावाने एक दिवस झाडलोट करून छायाचित्रे काढणे सोपे. सफाई कामगाराला कायम नेमणूक, हातमोजे आणि पुरेसे वेतन देणे हीच खरी कसोटी.

७/७
१६३३ मध्ये महाबतखानाच्या वेढ्यात हा अभेद्य किल्ला पडला, त्यात आतील उपासमारीचा वाटा मोठा होता. तट शाबूत असूनही रोजची रसद तुटली की किल्ला टिकत नाही; स्मारकाचेही तसेच. म्हणून इतिहासप्रेमींनी प्रवेशद्वारावरील फलकावर राजवंशांच्या सनावळीशेजारी आणखी एक ओळ मागावी: आज सफाई किती वाजता झाली.