पिळलेले मनगट आणि वर्तुळाची जीवा

“मला ॲनिमेशनकडे जायचे आहे, आता गणिताचा काय उपयोग?” असे दहावीचे विद्यार्थी सर्रास विचारतात आणि काही शिक्षकही त्याला मान डोलावतात. मला हा सल्ला घातक वाटतो.

संगणकावर मातीसारखी घडवलेली मूर्ती कितीही हुबेहूब असली, तरी ती लगेच हलवता येत नाही. तिचा पृष्ठभाग लक्षावधी बारीक बहुभुजांचा असतो आणि ते कसेही विखुरलेले असतात. म्हणून तिच्यावर काही हजार बहुभुजांची नवी, सुटसुटीत जाळी बसवतात. कोपर, ओठ, डोळे यांभोवती जाळीच्या ओळी कड्यांसारख्या फिरवतात, म्हणजे कातडी नीट दुमडते. १९७२ साली यूटा विद्यापीठात एडविन कॅटमल याने हेच केले होते. त्याने आपल्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा काढला, त्यावर सुमारे ३५० बहुभुज आखले, त्यांची मापे संगणकाला दिली आणि पडद्यावर हाताची बोटे हलली. हा गृहस्थ भौतिकशास्त्राचाही पदवीधर होता, हे मी मुद्दाम सांगतो!

जाळीच्या आत मग हाडांचा सांगाडा बसवतात. जाळीच्या प्रत्येक बिंदूने कोणत्या हाडाचे किती ऐकायचे, हे अपूर्णांकांत ठरते; त्या अपूर्णांकांची बेरीज १. खरी गंमत इथेच आहे. समजा, मनगटाची त्रिज्या ३ सेंमी आहे आणि तिथला एक बिंदू निम्मे हाताच्या हाडाचे, निम्मे पंज्याच्या हाडाचे ऐकतो. आता पंजा १२०° पिळा. एक हाड म्हणते, बिंदू आहे तिथेच राहू दे. दुसरे म्हणते, वर्तुळावर १२०° पुढे ने. संगणक सरासरी काढतो, म्हणजे त्या जीवेचा मध्यबिंदू घेतो. केंद्रापासून त्याचे अंतर ३ × cos ६०°, म्हणजे १.५ सेंमी. मनगट निम्मे बारीक झाले! १८०° पिळले तर अंतर शून्य, आणि मनगट चॉकलेटच्या कागदासारखे मुरगळते.

आपले मनगट असे का होत नाही? एका हाताने कोपराखालचा भाग धरा आणि तळहात वर-खाली करा. तिथल्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्याभोवती फिरते आणि पीळ लांबवर वाटला जातो. जाणकार कलावंत सांगाड्यात मध्ये जादा हाडे घालून तेच साधतात. दुसरा उपाय लादिस्लाव काव्हान व सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास मांडला. त्याचा पाया हॅमिल्टनने १८४३ साली शोधलेल्या क्वाटर्निअन संख्यांवर आहे. तेव्हा संगणकाचा पत्ताही नव्हता.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, हे प्रमेय शिकवताना हे मनगट फळ्यावर काढा. शाळेत संगणक असेल तर ‘ब्लेंडर’ ही मोफत मिळणारी प्रणाली घ्या, नळीत दोन हाडे बसवा आणि एक पिळा. मग ‘प्रिझर्व्ह व्हॉल्यूम’ हा पर्याय चालू करून पुन्हा पाहा. चित्रकलेत रमणारी मुले त्या तासाला पुढच्या बाकावर बसवा.