राजा ‘ढ’ होता का? – स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताव



थोर व्यक्तीवर निबंध लिहायला सांगितला की मुलांच्या वहीत एक वाक्य हमखास येतं. ‘ते लहानपणापासूनच अत्यंत हुशार होते.’ व्यक्ती कोणतीही असो, हे वाक्य काही बदलत नाही. मुलांना तरी दोष कसा द्यायचा? निबंधाच्या पुस्तकांत आणि गाईडमध्ये त्यांनी तेच वाचलेलं असतं. पण वर्गात शेवटच्या बाकावर बसून एकेक अक्षर जुळवत वाचणारं मूल हे वाक्य ऐकतं तेव्हा त्याला काय वाटत असेल? ‘म्हणजे आपलं काही खरं नाही,’ असंच ना?

म्हणून आज एका अशा माणसाबद्दल लिहिते आहे, ज्याच्या निबंधात हे वाक्य बसत नाही. हा माणूस राजा आहे. स्वीडनच्या इतिहासात सर्वांत जास्त काळ गादीवर असलेला राजा, कार्ल सोळावे गुस्ताव. माझं म्हणणं असं, की या राजाचं चरित्र आपण मुलांना जरूर सांगावं, पण ते राजवाड्यासाठी किंवा मुकुटासाठी नको. कशासाठी, ते पुढे वाचा.

चार मुलींनंतरचा मुलगा

कार्ल गुस्ताव यांचा जन्म ३० एप्रिल १९४६ रोजी स्टॉकहोमजवळच्या हागा राजवाड्यात झाला. त्यांना चार मोठ्या बहिणी. मार्गारेटा, बिर्गिटा, डेझिरे आणि क्रिस्टिना. या चौघींपैकी एकीलाही गादीवर हक्क नव्हता, कारण तेव्हाच्या स्वीडनच्या कायद्यानुसार गादी फक्त पुरुषाला मिळायची. चार मुलींवर मुलगा झाला आणि घराण्याला वारस मिळाला. ही गोष्ट आपल्या वाचकांना काही वेगळी समजावून सांगायला नको!

पण आनंद फार टिकला नाही. २६ जानेवारी १९४७ रोजी कोपनहेगनच्या विमानतळावर एक विमान उड्डाण करताच कोसळलं. त्यात त्यांचे वडील राजपुत्र गुस्ताव अॅडॉल्फ गेले. मुलगा तेव्हा अवघा नऊ महिन्यांचा होता. वडिलांची एकही आठवण त्याच्याजवळ नाही. १९५० मध्ये पणजोबा राजे गुस्ताव पाचवे वारले, आजोबा गादीवर आले आणि चार वर्षांचं हे पोर युवराज झालं.

वडील नसण्याचं हे दुःख त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत थायलंडला सुट्टीसाठी गेलेले पाचशेहून अधिक स्वीडिश लोक मेले. जानेवारी २००५ मध्ये स्टॉकहोमच्या शोकसभेत राजे म्हणाले, की आईवडील गमावलेल्या मुलांचं दुःख मला कळतं, कारण मीही बापाविना वाढलो आहे. परीकथेतल्या राजासारखं सगळं नीट करून टाकता आलं असतं तर, असंही ते त्या भाषणात बोलले. त्या दिवशी देशाला हा राजा आपला वाटला असं म्हणतात, यात नवल नाही. ज्याने सोसलंय त्याच्या तोंडचे साधे शब्दही मनाला लागतात.

राजा, पण राज्य नाही

शाळा, लष्करी शिक्षण आणि उप्साला विद्यापीठातला अभ्यास झाल्यावर १५ सप्टेंबर १९७३ रोजी आजोबा गेले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कार्ल गुस्ताव राजे झाले. त्यांचं ब्रीदवाक्य साधारण असं – ‘स्वीडनसाठी, काळाबरोबर.’

काळाबरोबर चालायची वेळ लगेचच आली. १ जानेवारी १९७५ पासून नवी राज्यघटना लागू झाली आणि राजाचे उरलेसुरले राजकीय अधिकारही गेले. पंतप्रधान नेमण्याचं काम संसदेच्या सभापतीकडे गेलं. कायद्यांवर राजाची सही लागत नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात, ‘‘मग मॅडम, तो राजा करतो तरी काय?’’ प्रश्न अगदी बरोबर आहे. संसदेच्या वर्षाचं उद्‌घाटन करणं, परदेशी राजदूतांचं स्वागत करणं, परराष्ट्र सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद सांभाळणं आणि दर १० डिसेंबरला स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिकं देणं. आपल्या शाळांत स्काउट-गाईड आहे ना? जागतिक स्काउट फाउंडेशनचे ते १९७७ पासून मानद अध्यक्ष आहेत.

घर-संसार

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांची भेट सिल्व्हिया सोमरलाट यांच्याशी झाली. वडील जर्मन, आई ब्राझीलची, अनेक भाषा येणाऱ्या सिल्व्हिया तिथे पाहुण्यांची व्यवस्था बघत होत्या. राजघराण्यातल्या नव्हत्या, सामान्य घरातल्या होत्या. १९ जून १९७६ ला लग्न झालं. पुढे १९९९ मध्ये राणीने मुलांवरील अत्याचाराविरुद्ध काम करणारी वर्ल्ड चाइल्डहूड फाउंडेशन ही संस्था काढली.

त्यांना तीन मुलं. व्हिक्टोरिया (१९७७), कार्ल फिलिप (१९७९) आणि मॅडेलिन (१९८२). इथे गोष्ट खरी रंगते. मुलगा जन्मला तेव्हा जुन्या कायद्याने तो युवराज झाला. पण संसदेत नवा कायदा मंजूर होत आला होता. १ जानेवारी १९८० पासून पहिलं अपत्य, मग ते मुलगी असो की मुलगा, गादीचं वारस ठरलं. सात महिन्यांच्या कार्ल फिलिपचं युवराजपद गेलं आणि अडीच वर्षांची व्हिक्टोरिया वारस झाली. असा कायदा करणारं स्वीडन हे पहिलं राज्य. नेदरलँड्सने १९८३ मध्ये, नॉर्वेने १९९० मध्ये आणि ब्रिटनने तर थेट २०१३ मध्ये तसा कायदा केला.

राजांना हे आवडलं का? नाही! जन्माला आलेल्या मुलाचा हक्क मागाहून काढून घेणं चूक आहे, असं ते उघडपणे म्हणाले, आणि अगदी अलीकडेही त्यावरून वाद झाला. मला ही गोष्ट लपवावीशी वाटत नाही. वडिलांचं मन तयार नव्हतं तरी कायदा पुढे गेला आणि आज सगळा देश व्हिक्टोरियाकडे भावी राणी म्हणून बघतो. मनं बदलायची वाट बघत बसलो तर मुलींच्या वाट्याला काही येणार नाही, कधी कधी कायद्यालाच आधी पाऊल टाकावं लागतं. पाचवी-सहावीच्या मुलींना हे उदाहरण फार पटतं.

आणि आता मूळ मुद्दा

या राजाला डिस्लेक्सिया आहे. डोकं चांगलं असूनही अक्षरं आणि उच्चार यांची सांगड घालायला मेंदूला जास्त कष्ट पडणं, म्हणजे डिस्लेक्सिया. वाचन अडखळतं, शब्द गळतात, स्पेलिंग चुकतं. तरुणपणी वाचण्या-लिहिण्यातल्या चुकांवरून राजांची थट्टा व्हायची. १९९७ मध्ये राणी सिल्व्हियाने टीव्हीवरच्या मुलाखतीत कारण सांगितलं तेव्हा लोकांना उलगडा झाला. तेव्हा राजे पन्नाशी ओलांडून गेले होते!

जरा थांबून विचार करा. राजवाडा, उत्तमातले उत्तम शिक्षक, सगळं हाताशी. तरी हा शब्द जाहीरपणे उच्चारायला पन्नास वर्षं लागली. कारण लाज. ‘राजा आणि वाचता येत नाही?’ असं कोण म्हणवून घेईल?

पुढच्या पिढीने मात्र ही लाज सोडली. व्हिक्टोरिया आणि कार्ल फिलिप या दोघांनाही डिस्लेक्सिया आहे. शाळेत आपल्याला आपण मठ्ठ आहोत असं वाटायचं, हे व्हिक्टोरियाने जाहीर सांगितलं आहे. भावी राणीला असं वाटत असेल, तर आपल्या वर्गातल्या मजुराच्या पोराला काय वाटत असेल? कार्ल फिलिप आणि त्यांच्या पत्नी सोफिया यांनी २०१५ मध्ये संस्था स्थापन केली. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा आत्मविश्वास वाढवणं आणि इंटरनेटवरचा छळ थांबवणं ही तिची कामं.

आपल्याकडे अशा मुलाला एकच अक्षर चिकटवतात – ‘ढ’. घरी आळशी, शाळेत ‘ढ’, रजिस्टरात अप्रगत. शेवटी मूलही ते खरं मानतं आणि सातवी-आठवीत शाळा सोडतं.

पण इथे एक सावधगिरीही हवी. ‘बघ, राजालाही जमत नव्हतं, तरी तो राजा झाला, तूही होशील’ असं कृपा करून मुलांना सांगू नका. तो राजा झाला तो जन्माने. वाचन जमलं नाही म्हणून त्याची गादी जाणार नव्हती, आपल्या मुलाचं मात्र सगळंच जातं. म्हणूनच राजाच्या गोष्टीतून मुलाने शिकण्यापेक्षा आपण मोठ्यांनी जास्त शिकायचं आहे.

काय शिकायचं?

१. वाचनातली अडचण आणि बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मूल वाचताना अडखळतं पण तोंडी उत्तर पटकन देतं, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघा.

२. सगळ्यांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. आधी उतारा सांगून ठेवा, एकट्याला वाचू द्या, मग विचारा.

३. पालकांना बोलावून तपासणीसाठी पाठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. खेड्यातल्या कितीतरी पालकांना हे माहीतच नसतं. ते सांगणं आपलंच काम.

४. मागे पडलेलं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. कुणाचा ऊसतोडीत वर्ग बुडालेला असतो, कुणाची घरची भाषा वेगळी असते. पण दोघांनाही ‘ढ’ म्हणून काहीच साध्य होत नाही.

‘साठ पटात हे कसं जमायचं?’ असं कुणी म्हणेल. म्हणणं खोटं नाही, ऑनलाइन माहिती भरताभरताच दिवस जातो. पण एक योगायोग सांगते. १० डिसेंबर २०१९ रोजी याच राजांनी अर्थशास्त्राचं पारितोषिक अभिजित बॅनर्जी यांना दिलं. जन्म मुंबईचा, आई मराठी, आणि समारंभाला चक्क धोतर नेसून गेलेले! सोबत पत्नी एस्थर डुफ्लो साडीत आणि तिसरे मायकेल क्रेमर. बॅनर्जी-डुफ्लो यांच्या गाजलेल्या कामात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांतला ‘बालसखी’ उपक्रम आहे. वस्तीतल्याच मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना बाजूला घेऊन, त्यांच्या पातळीपासून शिकवायच्या. मुलं पुढे आली, हे मोजून सिद्ध झालं. महागडं साहित्य लागलं नाही. मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली, एवढंच.

ज्याला स्वतःला वाचन जड गेलं, त्या राजाच्या हातून वाचन जड जाणाऱ्या मुलांवरच्या कामाचा गौरव झाला. योगायोगच, पण किती बोलका!

तेव्हा यंदा चरित्रलेखनाचा पाठ घ्याल तेव्हा फळ्यावर ‘लहानपणापासूनच हुशार’ हे वाक्य लिहून त्यावर काट मारा. मुलांना विचारा, या माणसाला काय जमत नव्हतं? त्याला मदत कोणी केली? कोणी केली नाही? निबंध तिथूनच सुरू होऊ द्या. बघा, शेवटच्या बाकावरचा हातही वर येईल.

आणि हो, तुमच्या वर्गात असं मूल आहे का? त्याच्यासाठी तुम्ही काय करता, ते जरूर कळवा. दुसऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.