घरगुती सोयीची पाटी कुणाच्या हाती?

मालवण, गुहागर किंवा दिवेआगरच्या रस्त्याने जाताना ठिकठिकाणी एक पाटी दिसते : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. पत्र्यावर रंगवलेली अक्षरे, खाली दोन दूरध्वनी क्रमांक आणि बाण. या साध्या पाटीने कोकणातल्या असंख्य कुटुंबांच्या संसाराला हातभार लावला आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे किल्ले शिवकालीन दुर्गांच्या मालिकेत जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाहुणा वाढत गेला, तशी माजघराशेजारची एक खोली पाहुण्यासाठी राखणाऱ्यांची संख्याही वाढली.

मात्र याच काळात त्या पाटीचे महत्त्व ओसरले. पुण्या-मुंबईचा किंवा कोल्हापूरचा पर्यटक आता गावात येऊन मुक्काम शोधत नाही. तो घरातूनच, मोबाइलच्या पडद्यावर मुक्काम ठरवून निघतो. बाण दाखवणारी पाटी त्याच्या नजरेस पडते तेव्हा त्याने आगाऊ रक्कम भरलेली असते. म्हणजे खरी पाटी आता रस्त्यावर नसून इंटरनेटवर आहे आणि ती बहुतेकदा घरमालकाच्या मालकीची नाही. कोकणातील निवास-न्याहारी व्यवसायाचे पुढील अर्थकारण या एका गोष्टीभोवती फिरणार असल्याने तिचा शांतपणे विचार व्हायला हवा.

आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी लहान व्यावसायिकाचे नुकसानच केले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आज या क्षेत्रात बलाढ्य असलेल्या एअरबीएनबीची सुरुवात २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये घरातल्या हवा भरलेल्या गाद्या आणि सकाळची न्याहारी पाहुण्यांना देण्याच्या कल्पनेतूनच झाली. जे घर कधी कोणाला माहीत नव्हते, ते बंगळुरूच्या किंवा अहमदाबादच्या ग्राहकापर्यंत या कंपन्यांनी पोहोचवले. तारकर्लीच्या किनाऱ्यापासून थोडे आत असलेल्या घराला स्वतःच्या बळावर हे जमले नसते. प्रश्न आहे तो या सेवेच्या किमतीचा आणि त्यातून निर्माण होणाऱ्या परावलंबित्वाचा.

हिशेबासाठी दिवसाला २,००० रुपये भाड्याची एक खोली घेऊ. आरक्षण कंपन्यांचे कमिशन करारागणिक बदलते. ते १८ टक्के धरले, तर ३६० रुपये होतात. त्या कमिशनवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी सुमारे ६५ रुपये. शिवाय एक बाब अनेक घरमालकांच्या लक्षात येत नाही. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे आणि ज्याने कराची नोंदणी केलेली नाही, अशा मालकाने पाहुण्याला थेट खोली दिली तर भाड्यावर हा कर लागत नाही. तीच खोली आरक्षण कंपनीमार्फत गेली, तर कर भरण्याची जबाबदारी कायद्याने कंपनीवर येते आणि ती तो पाहुण्याकडून घेते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीसाठी सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के आहे. थोडक्यात, पाहुण्याच्या खिशातून २,१०० रुपये जातात आणि मालकाच्या हाती साधारण १,५७५ येतात. चार खोल्यांच्या घराने वर्षाकाठी अशा दोनशे खोली-रात्री विकल्या, तर नुसते कमिशन व त्यावरील कर मिळून सुमारे ८५ हजार रुपये घराबाहेर जातात. ज्या घरात मे महिना आणि नाताळची सुटी यांवरच वर्ष काढले जाते, तिथे ही रक्कम लहान नाही.

कमिशनपेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे पाहुण्याशी असलेले नाते. आपल्या हातची आंबोळी आणि सोलकढी आवडली म्हणून जो पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा यायचे ठरवतो, तो मालकिणीचा पाहुणा असतो. परंतु त्याच्याजवळ घराचा थेट पत्ता नसेल, तर तो पुन्हा त्याच संकेतस्थळाचा दरवाजा ठोठावतो. तिथे त्याला शेजारची आणखी वीस घरे दाखवली जातात, आणि तो त्याच घरी आला तरी कमिशन दुसऱ्यांदा द्यावे लागते. नवा पाहुणा मिळवून दिल्याबद्दल मोबदला देणे रास्त आहे. जुना पाहुणा परत आल्याबद्दल दरवर्षी खंडणी द्यावी, हे मात्र व्यवहाराला धरून नाही.

दरांच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही याला जोडलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला २२३ कोटी ४८ लाख, तर ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलांनी अन्य आरक्षण संकेतस्थळांवर कमी दर लावू नयेत, या स्वरूपाची अट हा त्या प्रकरणातील एक प्रमुख मुद्दा होता आणि ती अट काढून टाकण्याचा आदेश आयोगाने दिला. युरोपमध्ये तर डिजिटल बाजारपेठांविषयीच्या नव्या कायद्यामुळे २०२४ मध्ये बुकिंग डॉट कॉमला अशा अटी मागे घ्याव्या लागल्या, आणि त्यात हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील दरांचाही समावेश होता. परंतु कायद्याने मिळवून दिलेले हे स्वातंत्र्य वापरायचे तर त्यासाठी जागा हवी. ज्याचे स्वतःचे संकेतस्थळच नाही, त्याने आपला वेगळा दर लावायचा कुठे?

इथे नेहमीची शंका उपस्थित होते : तीन खोल्यांच्या घराला संकेतस्थळाचा खर्च परवडेल काय? या शंकेमागे बहुधा शहरातील एखाद्या कंपनीने दिलेला पन्नास-साठ हजारांचा अंदाज असतो. त्यात खोल्यांचे आपोआप आरक्षण, पैसे भरण्याची व्यवस्था, फिरती चित्रे असे बरेच काही असते, आणि त्यातील बहुतांश गोष्टींची लहान घराला गरज नसते. तीन खोल्यांची रोजची स्थिती घरमालकिणीला तोंडपाठ असते. तिच्या दृष्टीने दूरध्वनी व व्हॉट्सअॅप हीच आरक्षण-यंत्रणा, आणि २०१६ नंतर आलेली यूपीआय ही पैसे घेण्याची व्यवस्था. संकेतस्थळाचे काम एवढेच की, पाहुण्याला विश्वास वाटावा आणि त्याने तो क्रमांक फिरवावा. अशा चार-पाच पानी साध्या संकेतस्थळाच्या नावाला, म्हणजे डोमेनला, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. जागेचे भाडे धरले तरी वार्षिक खर्च मोसमातील दोन-तीन खोली-रात्रींच्या उत्पन्नातून निघतो. तयार नमुन्यावरून अशी पाने बांधून देणारी मुले आता तालुक्याच्या गावीही मिळतात.

फुकटातली सोय मात्र महागात पडू शकते, याचे ताजे उदाहरण आहे. गुगलने लहान व्यावसायिकांना नकाशावरील नोंदीसोबत एक पानाचे संकेतस्थळ विनामूल्य देऊ केले होते. मार्च २०२४ मध्ये ही सुविधा बंद झाली आणि त्याच वर्षीच्या जूनपर्यंत जुन्या पत्त्यावरून नोंदीकडे वळवण्याची सोयही संपली. ज्यांनी तोच पत्ता आपल्या कार्डांवर आणि पाट्यांवर छापला होता, त्यांची पाटी एका रात्रीत कोरी झाली. नकाशावरील नोंद जरूर असावी, किंबहुना ती सर्वांत आधी असावी. समाजमाध्यमांवरचे पानही उपयोगी पडते. पण परक्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान त्याच्या मर्जीने उठते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा धोका घराजवळचा आहे. संकेतस्थळ करून देणारा कारागीर डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवतो, परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवतो, आणि दोन वर्षांनी त्याचा दूरध्वनी लागेनासा होतो. नूतनीकरणाची मुदत टळते, नाव दुसऱ्याच्या हाती जाते. पहिल्या वर्षी नाममात्र दर आणि पुढे दुप्पट-तिप्पट, असाही प्रकार घडतो. म्हणून मालकाने दोन गोष्टींचा आग्रह धरावा : डोमेनची नोंदणी आपल्या नावे, आपल्या ई-मेल व मोबाइल क्रमांकावर व्हावी, आणि नूतनीकरणाचा दर आधी लेखी मिळावा. सातबारा आणि घरपट्टीची पावती ज्या पेटीत असते, त्याच पेटीत हा कागदही असला पाहिजे.

आता त्या चार-पाच पानांवर काय असावे? इथेच बहुतेक संकेतस्थळे फसतात. निळ्या समुद्राची आणि सूर्यास्ताची छायाचित्रे सगळ्यांकडे असतात. ती पाहून कुणी घर निवडत नाही. कुटुंबासह येणाऱ्याला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे हवीत. संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे की बाहेर? वीज गेली तर काय? गाडी दारापर्यंत येते का? कुडाळ किंवा चिपळूण स्थानकापासून रिक्षाला किती लागतात? आजी-आजोबांना किती पायऱ्या चढाव्या लागतील? जेवण शाकाहारी मिळेल का, आणि मासळीची थाळी कितीला? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा पावसाळ्यात ताज्या सुरमईचे आश्वासन देण्याऐवजी त्या दिवसांत पानात काय असेल ते लिहावे. खोलीचे छायाचित्र खोलीएवढेच मोठे दिसावे. सुटीचे आणि आडदिवसांचे दर वेगवेगळे व स्पष्ट असावेत, आगाऊ रक्कम परत करण्याचे नियमही लिहिलेले असावेत. मजकूर मराठीत हवाच, सोबत इंग्रजीतही हवा. घाटात किंवा खाडीकाठी मोबाइलची रेंज अडखळते; म्हणून पान हलके, छायाचित्रे आकाराने लहान आणि दूरध्वनी क्रमांक बोट ठेवताच लागणारा असावा.

अशा प्रामाणिक माहितीचा आणखी एक उपयोग आहे. कोकणातील घरे शनिवारी ओसंडतात आणि मंगळवारी ओस पडतात. जांभूळ-कोकमाचे दिवस, भातलावणी, दशावताराचे प्रयोग, गावची जत्रा यांची माहिती कुठलीही आरक्षण कंपनी देत नाही, कारण तिला प्रत्येक घर सारखेच. ज्याला गर्दी नको आहे, अशा पाहुण्याला आडदिवशी बोलावण्याचे काम घराचे स्वतःचे पानच करू शकते.

अर्थात संकेतस्थळ केले म्हणजे पाहुण्यांची रीघ लागेल, असा भ्रम नको. हजारो पानांच्या गर्दीत एकट्या घराचे पान अनोळखी माणसाला सहजी सापडत नाही. ते उपयोगी पडते ते घराचे नाव ऐकून शोधणाऱ्याला, मित्राने सुचवलेल्याला आणि परत येऊ इच्छिणाऱ्याला. म्हणून नव्या ओळखीसाठी आरक्षण कंपनी आणि जुन्या ओळखीसाठी आपले संकेतस्थळ, अशी विभागणी शहाणपणाची. निघणाऱ्या पाहुण्याच्या हाती कोकमाच्या पुडीबरोबर आपल्या पत्त्याचे कार्ड दिले, तर अर्धे काम झाले. आणि एका गावातील दहा घरांनी एकत्र येऊन एकच छायाचित्रकार व एकच कारागीर ठरवला, तर प्रत्येकाचा खर्च आणखी खाली येतो. बचत गटांचा अनुभव असलेल्या महिलांना ही गोष्ट अवघड नाही.

सरकारची भूमिका इथेच सुरू होते. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेंसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ हे धोरण आणले. हे स्वागतार्ह आहे. पण कर्जाने खोल्या बांधल्या जातील. त्या भरल्या नाहीत तर हप्ते कोठून फेडायचे? पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेल्या प्रत्येक घराच्या नावासमोर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा असावा आणि घराच्या पानावर नोंदणी क्रमांक ठळक असावा, एवढी व्यवस्था झाली तरी दोन गोष्टी साधतील. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हेविषयक केंद्राला तीर्थयात्रेच्या खोट्या आरक्षणांबाबत लोकांना सावध करावे लागले होते. बनावट पाने करून आगाऊ रक्कम लुबाडणाऱ्यांपासून पर्यटक वाचेल, आणि खऱ्या घराला सरकारी यादीचा भक्कम आधार मिळेल. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. यादी अद्ययावत ठेवण्याची शिस्त मात्र लागेल.

कोकणातल्या माणसाने आंबा-काजूच्या व्यवहारात दलालाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. फळ आपले, बाग आपली, पण भाव आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हाती, ही व्यथा त्याला नवी नाही. घर, अंगण आणि हाताची चव यांच्या बाबतीत तेच पुन्हा घडू द्यायचे की नाही, हे ठरवण्याची वेळ आज आहे. दारातली पाटी त्याने स्वतः रंगवली होती. इंटरनेटवरची पाटीही त्याच्याच नावावर असावी; तिचा खर्च वर्षाला दोन-तीन रात्रींच्या भाड्याहून अधिक नाही.