दुष्काळी तालुक्यातलं पाणबुड्याचं सामान

आटपाडीच्या आमच्या घरात माळ्यावर दोन तऱ्हेचं सामान पडून आहे. एक अण्णांचं: आटलेल्या बोअरमधून वर काढलेली पाणबुडी मोटर, केबलचं वेटोळं, पीव्हीसीचे पाइप. दुसरं माझं: बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट, रेग्युलेटर, पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, फिन, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि बारा लिटरचा सिलिंडर. दोन्ही खरेद्या पाण्याच्या नावानं झाल्या. अण्णांच्या खरेदीला कारण होतं. माझ्या खरेदीला फक्त सल्ला होता, आणि हा लेख त्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

सल्ला असा: ‘छंद गंभीरपणे करायचा असेल तर स्वतःचं गिअर घ्या.’ स्कुबा शिकणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी मिळतोच. माझं म्हणणं असं की समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या, वर्षाला मोजक्या रजा मिळणाऱ्या माणसासाठी तो चुकीचा आहे, आणि कधीकधी धोक्याचाही.

आधी माझा हिशोब. सगळं मिळून 1,42,000 रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त हप्त्यांवर. तीन वर्षांत मी 14 डाइव्ह केले, त्यातले स्वतःच्या सामानावर नऊ. म्हणजे सामानापोटी प्रत्येक डुबकी मला पावणेसोळा हजारांना पडली. बोट, गाइड, प्रवास वेगळा.

सुरुवात बहुतेकांची होते तशीच झाली. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिली डुबकी. तिथे गाइड मागून सिलिंडर धरतो, आपण फक्त तोंडानं श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या पोराला चहूबाजूंनी पाणी म्हणजे काय, हे त्या काही मिनिटांत कळलं. पुढे रीतसर कोर्स केला, 18 मीटरपर्यंत जायचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच आठवड्यात प्रशिक्षकानं विचारलं, ‘भाड्याचा रेग्युलेटर किती जणांच्या तोंडात जाऊन आलेला असतो, कल्पना आहे का?’ मी पुण्याला परतलो आणि लॅपटॉप उघडला.

या सल्ल्यामागे तीन युक्तिवाद असतात.

पहिला: आपलं सामान ओळखीचं असतं, म्हणून सुरक्षित. रोज किंवा दर आठवड्याला पाण्यात उतरणाऱ्यासाठी हे खरंच आहे. पण हे सामान फक्त वापरानं झिजत नाही, नुसतं ठेवूनही म्हातारं होतं. रबराच्या ओ-रिंग कडक होतात, मिठाचे कण झडपांत बसतात, निओप्रीन ताठरतं. रेग्युलेटरची दरवर्षी तपासणी आणि एक-दोन वर्षांत सर्व्हिस करावी, असं बहुतेक उत्पादक सांगतात. हे यंत्र सिलिंडरमधली सुमारे 200 बार दाबाची हवा आपल्याला ओढता येईल इतकी नरम करतं. माझा रेग्युलेटर दोन वर्षं पुण्यातल्या कपाटात होता. सर्व्हिसला पाठवायचं दर महिन्याला ठरायचं. मग 12 मीटर खाली प्रत्येक श्वासाबरोबर घोटभर पाणी येऊ लागलं. माउथपीसला बारीक चीर गेली होती, नीट बघितलं असतं तर वरच दिसली असती. चूक शंभर टक्के माझी. गाइडनं त्याच्याकडचा जादाचा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला आणि शांतपणे वर आणलं. तो रेग्युलेटर डाइव्ह सेंटरचाच होता, शंभर जणांच्या तोंडात जाऊन आलेला. म्हणूनच तो चालू होता.

दुसरा: पैसे वसूल होतात. मी गेलो त्या ठिकाणी पूर्ण सामानाचं भाडं दिवसाला हजार ते दीड हजार होतं. सव्वा हजार धरू. माझी रक्कम वसूल व्हायला 114 दिवस पाण्यात जायला हवं. मला वर्षात मिळतात चार. म्हणजे 28 वर्षांहून जास्त, आणि त्यात सर्व्हिसचा खर्च धरलेला नाही. एवढ्या काळात वेटसूट टिकणार नाही. माझ्या पोटाचा घेर तर त्याच्या आधीच हरेल.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात गोड: सामान घेतलं की आपोआप जाणं होतं. होत नाही. पुण्याहून मालवण पावणेचारशे-चारशे किलोमीटर, पावसाळ्यात समुद्र बंद, डिसेंबरात पाणी स्वच्छ असतं तेव्हा नेमका रिलीज. सामानानं यातली एकही अडचण सुटत नाही. उलट प्रत्येक सहलीला वीस किलोची बॅग वाढते, आणि घरी राहिलो की कपाटातून ती बॅग बघत असते. छंदाची जागा अपराधी भावना घेते.

सिलिंडरबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तो शुद्ध मूर्खपणा होता. भरलेला सिलिंडर डाइव्ह सेंटर डाइव्हच्या शुल्कातच देतं. भरलेला सिलिंडर विमानात नेता येत नाही. आणि तो भरायचा कुठे? आटपाडीत शेजारच्या पोरानं सुचवलं, ‘दादा, टायरवाल्याकडं भरून घे की.’ टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो. शिवाय श्वासाच्या हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ नये म्हणून वेगळे फिल्टर लागतात. गल्लीतल्या एका काकूंनी तर कोविडनंतर घेऊन ठेवलाय असं समजून ‘ऑक्सिजन हाय का त्यात?’ विचारलं. नाही काकू, त्यात साधी हवाच असते. सध्या तीही नाही.

हा सल्ला आला कुठून? हौशी डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणारी जगातली सर्वांत मोठी संस्था ‘पाडी’ 1966 साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी राल्फ एरिकसन पोहण्याचे प्रशिक्षक होते आणि जॉन क्रोनिन डायव्हिंगचं सामान विकणाऱ्या कंपनीचे विक्री प्रतिनिधी. यात कट-कारस्थान नाही. या पद्धतीमुळेच सामान्य माणसाला थोड्या दिवसांत पाण्याखाली जाता येऊ लागलं, मलाही. पण शिकवणं आणि विकणं इथे पाळण्यातच शेजारी झोपलेली भावंडं आहेत, हे शिकणाऱ्याला माहीत असावं. दुसरी रीतही आहे. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब 1953 चा. तिथे स्थानिक शाखा क्लब म्हणून चालतात, आणि अनेक शाखांचा कॉम्प्रेसर आणि सामान सामाईक असतं. गंभीर डायव्हर तिथेही घडतातच.

माझी खरी नामुष्की अशी की हे मला आधीच माहीत होतं. ऑफिसात माझं कामच ते. सर्व्हर विकत घेऊन धूळ खात ठेवू नका, लागतील तेव्हा लागतील तेवढे भाड्यानं घ्या, असं मी ग्राहकांना आलेख काढून पटवतो. आणि इंजिनिअरिंग करायच्या आधीही माहीत होतं. आमच्याकडे बोअर घ्यायचा म्हणजे गाडी बोलवायची, फुटावर भाव ठरवायचा. पाणी लागो न लागो, गाडी पुढच्या गावाला जाते. मळणीयंत्र, ट्रॅक्टर, जेसीबी, सगळं तासावर किंवा एकरावर. वर्षातून दोन दिवस लागणारी वस्तू दारात बांधून ठेवत नाहीत, हे माणदेशात कुणाला शिकवावं लागत नाही. अण्णांनी माझ्या सामानाची किंमत ऐकून एकच विचारलं होतं, ‘भाड्यानं मिळत नव्हतं व्हय?’ तेव्हा मला तो अडाणी प्रश्न वाटला होता.

एक मे महिना विसरत नाही. मालवणहून थेट आटपाडीला आलो होतो. समुद्रातून आलेलं सामान गोड्या पाण्यात भिजवून धुवायचं असतं, नाहीतर मीठ आत खातं. नळाला चार दिवसांआड पाणी होतं. मी मोठं टोपलं भरलं, सामान तासभर बुडवलं, मग पाणी बदलून पुन्हा. आई काही बोलली नाही. घरात धुण्याचं पाणीसुद्धा झाडाला जातं, म्हणून तिनं ते टोपलं डाळिंबाकडे ओढलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, ‘खारट हाय की रं.’ मग ते पाणी रस्त्यावर ओतलं. त्या रस्त्यावरच्या ओल्या डागाची मला आजही लाज वाटते.

याचा अर्थ दुष्काळी भागातल्या पोरानं समुद्राचा नाद करू नये, असा कुणी काढला तर त्याच्याशीही माझं भांडण आहे. याच आटपाडीत 1993 पासून पाणी परिषदा भरत आल्या, पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे म्हणून लोक इथे वर्षानुवर्षं लढले. कृष्णेचं पाणी टेंभू योजनेतून टप्प्याटप्प्यानं उपसून आमच्या शिवारात आलं ते त्या रेट्यातूनही. त्या लोकांच्या नातवंडांनी समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघावेत, जरूर बघावेत. माझा आक्षेप पाण्यात जाण्याला नाही, पाण्यात न जाता पाणबुड्या झाल्याचं समाधान विकत घेण्याला आहे. ज्या पैशात मी आणखी वीस-पंचवीस डाइव्ह केले असते, ते पैसे मी माळ्यावर ठेवले.

स्वतःचा मास्क मात्र घ्या. प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो, बसत नसलेल्या मास्कमध्ये पाणी शिरतं, आणि तो पिशवीत मावतो. मालवणातल्या गाइडला पूर्ण सामान हवंच, ती त्याची भाकरी आहे. बाकीच्यांनी आधी भाड्याच्या सामानावर पन्नास डाइव्ह करावेत. तोवर विकत घ्यायची गरज उरली, तर ती खरी. आणि शिकवणाऱ्यांनी सामानाचा विषय काढताना पहिला प्रश्न तोंडातल्या जंतूंचा न विचारता हा विचारावा: वर्षातून किती दिवस येणार?

माझं सामान विकायला काढून सात महिने झाले. ज्यांनी चौकशी केली त्या सगळ्यांनी सर्व्हिसची नोंद मागितली. बरोबरच आहे त्यांचं. डिसेंबरात मालवणला जातोय. मास्क घेतलाय, बाकी सगळं भाड्यानं.