सायनस लिफ्ट : शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

वरच्या जबड्यातील दाढ काढून काही वर्षे लोटली, की तेथे इम्प्लांट बसविण्यासाठी गेलेल्या रुग्णास पुष्कळदा अनपेक्षित उत्तर मिळते : इम्प्लांट धरून ठेवील इतके हाड उरलेले नाही, आधी ‘सायनस लिफ्ट’ करावी लागेल. नाव ऐकून भीती वाटते. शस्त्रक्रियेचे स्वरूप समजले, तर ती बरीच कमी होते. जैन कुटुंबाने मात्र होकार देण्यापूर्वी आणखी काही गोष्टी विचारून घेणे आवश्यक असते.

वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडात नाकाशी जोडलेली हवेची पोकळी असते. तीच सायनस. दाढ गेल्यावर तेथील हाड हळूहळू झिजते आणि पोकळीही खाली उतरते. इम्प्लांटला साधारणपणे 8 ते 10 मिलिमीटर उंचीचे हाड लागते. पुष्कळांच्या बाबतीत ते त्याच्या निम्मेही उरत नाही. अशा वेळी पोकळीच्या तळाचा नाजूक पडदा अलगद वर उचलून खालच्या जागेत हाड वाढण्यास आधार देणारे कण भरतात. 1980 साली बॉइन आणि जेम्स यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत हिरडी उघडून जबड्याच्या बाहेरच्या बाजूने लहान खिडकी करतात. हाड थोडेच कमी असेल, तर इम्प्लांटच्याच छिद्रातून पडदा उचलण्याची सोपी रीत वापरली जाते. त्रिमितीय स्कॅन पाहून निर्णय होतो. शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. हाड तयार होण्यास चार ते नऊ महिने लागू शकतात. मूळचे हाड पुरेसे घट्ट असेल, तर इम्प्लांट त्याच वेळी बसविता येते.

विवेकाचा खरा प्रश्न या भरल्या जाणाऱ्या कणांचा आहे. सर्वत्र वापरले जाणारे अनेक कण गाईबैलांच्या हाडांपासून तयार केलेले असतात. वर ठेवावयाचा कोलॅजनचा पडदाही बहुधा गाय किंवा डुकरापासून मिळविलेला असतो. संमतिपत्रावर केवळ ‘बोन ग्राफ्ट’ एवढेच लिहिलेले असू शकते. आयुष्यभर आहारात कटाक्षाने अहिंसा पाळणाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर कळली, तर होणारी वेदना टाक्यांच्या वेदनेहून मोठी असते. आणि भरलेले परत काढता येत नाही.

म्हणून प्रश्न आधीच आणि स्पष्ट विचारावा : कण कशापासून बनले आहेत? पर्याय उपलब्ध आहेत. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखे पूर्णतः कृत्रिम कण या शस्त्रक्रियेत वापरले जातात. रुग्णाचे स्वतःचे हाड हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागील भागातून घेता येते. मात्र त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते. कोलॅजनच्या पडद्याऐवजी रुग्णाच्याच रक्तापासून बनविलेला फायब्रिनचा पडदा काही ठिकाणी चालतो. कोणता पर्याय योग्य, हे शल्यचिकित्सक हाड पाहून ठरवितील. टाके रेशमाचे की कृत्रिम धाग्याचे, औषधाची कॅप्सूल जिलेटिनची आहे का, हेही त्याच बैठकीत विचारावे. शंका राहिल्यास पाकिटावरील माहिती दाखविण्याची विनंती करण्यात संकोच नसावा.

दुसरा विचार व्रतांचा. ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. म्हणून पर्युषण, दशलक्षण किंवा वर्षीतपाचा काळ टाळून दिवस ठरविता येतो. जखम भरून येण्याच्या काळात पोषण हवे असते. चौविहार पाळणाऱ्याने तसे आधी सांगावे; दिवसातून दोनदा घ्यावयाचे औषध देणे शक्य आहे का, ते डॉक्टर पाहतील. आपल्या मनाने मात्रा वगळणे धोक्याचे आहे. मधुमेह, तंबाखू वा मिश्रीची सवय, रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांपैकी काहीही लपवू नये. सायनसचा जुना त्रास असल्यास त्याचे उपचार आधी व्हावेत.

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस गालावर सूज वाढते, नाकातून किंचित रक्त येऊ शकते. बर्फाचा शेक, उशाला उंची आणि कोमट, मऊ आहार यांनी आराम पडतो : मुगाचे पातळ वरण, भाताची पेज, रव्याची खीर. मुख्य पथ्य दाबाचे आहे. किमान दोन आठवडे नाक शिंकरू नये. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे. स्ट्रॉने पिणे, कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शंख वाजविणे, जड ओझे उचलणे वर्ज्य. विमानाने तीर्थयात्रेस जाण्याचा बेत डॉक्टरांच्या अनुमतीपर्यंत पुढे ढकलावा. ताप, वाढती सूज, दुर्गंधी, न थांबणारा रक्तस्राव किंवा नाकातून कण येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी संपर्क साधावा. पडदा फाटणे ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत सामान्य अडचण. बहुधा ती तेथेच दुरुस्त करता येते, क्वचित काम काही महिने थांबवावे लागते.

कोणताच पर्याय मनास पटला नाही, तर आखूड इम्प्लांट, ब्रिज किंवा काढता येणारी कवळी यांचा विचार करता येतो. दाढ नसणे हा काही संकटाचा प्रसंग नाही. अनुमती देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांसमवेत हे प्रश्न कागदावर लिहून नेले, तर निर्णय माहितीने आणि समाधानाने होतो.