नवस नसतानाही खुलताबादला



हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री किंवा श्रावणातल्या शुक्रवारी रात्री संभाजीनगराहून (जुन्या सवयीनं म्हणायचं तर औरंगाबादेहून) खुलताबादकडे जाणारा रस्ता पाहिलाय का कधी? भद्रा मारुतीला पायी निघालेल्यांची नुसती रीघ लागलेली असते, आणि त्यात बायका किती असतात! अंतर २५ किलोमीटरच्या वर, शेवटी घाटाचा चढ. कुणी अनवाणी, कुणाच्या कडेवर पोर. पहाटे निद्रिस्त मारुतीचं दर्शन घेतात, एस.टी.नं परत येतात आणि घरी पोचल्याबरोबर स्वयंपाकाला लागतात.

आता ह्यांच्यापैकीच एखादीला साध्या बुधवारी म्हणून बघा, "चल गं, खुलताबादच्या माळावर जरा पायी फिरून येऊ." उत्तर ठरलेलं. "कशाला? काय काम आहे तिकडं?"

मुलाचा दहावीचा निकाल, सुनेचं बाळंतपण, यजमानांचं ऑपरेशन, ह्या सगळ्यांसाठी आपले पाय २५ किलोमीटर चालतात. स्वतःच्या हौसेसाठी पाच किलोमीटर म्हटलं की गुडघे आठवतात. म्हणून आज पाककृती नाही, भरतकाम नाही. आज एक दिवसाची पायी सहल, आणि तीही बिनकामाची.

कोकणातल्या वाचक भगिनींना ह्याचं नवल वाटणार नाही. त्यांच्या सड्यावर पावसाळ्यात गवत-फुलांचा गालिचा पसरतो आणि टोकाशी गेलं की खाली समुद्र. आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. पण गणपती-गौरींच्या सुमारास खुलताबादच्या वरच्या माळावर उभं राहिलं आणि खाली सपाटीवर मका-बाजरीची शेतं वाऱ्यानं हलताना दिसली, की समुद्राची उणीव फारशी भासत नाही. शिवाय ढग तर अरबी समुद्रावरूनच आलेले असतात!

वाट सांगते. खुलताबादच्या स्टँडवर उतरायचं आणि सुलीभंजनचा रस्ता विचारायचा, कुणीही दाखवील. पाचेक किलोमीटरची चाल आहे. गावातली गर्दी मागे पडली की दोन्ही बाजूंना माळ सुरू होतो. ह्या वाटेवर काय नाही ते विचारा! खुलताबादच्या परिसरात सूफी संतांचे दर्गे आहेत, मलिक अंबरची कबर आहे, गावात बादशहा औरंगजेबाची कबर आहे. (स्वतः टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांतच आपला अंत्यविधी करावा, असं त्यानं लिहून ठेवल्याचं सांगतात. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपल्यासारखीला हा तपशील बरोबर लक्षात राहतो.) ते सगळं पाहायला दुसरा दिवस ठेवा. एका दिवसात पाच ठिकाणं उरकली की पाय दुखतात आणि लक्षात एकही राहत नाही.

वाटेत परियों का तालाब म्हणून जुना तलाव आहे. पाऊस बरा झालेला असेल तर तो भरलेला मिळतो. पाणी बघत काठावर दहा मिनिटं बसा, पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पाय धुण्याचा मोह नको. ह्याच दिवसांत माळावर तेरडा फुललेला असतो. गौरी बसवताना आपण बाजारात जुडी विकत घेतो तोच हा तेरडा, इथं गुलाबी रंगात वाऱ्यावर डोलत असतो. कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरेही दिसतील. तोडून आणू नका. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपल्याला पाठ आहे, आणि तोडलेला तर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

सुलीभंजनच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे. पैठणच्या एकनाथांनी गुरू जनार्दनस्वामींच्या सांगण्यावरून इथं तपश्चर्या केली, असं परंपरा सांगते. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे गुरूंचं ठिकाणही इथून लांब नाही. देवळाजवळच्या खडकावर लहान दगडानं ठोकलं तर घंटेसारखा नाद येतो. तो ऐकल्याशिवाय कुणी परतत नाही, तुम्हीही परतू नका.

दर्शन झालं की बहुतेक मंडळी लगेच गाडीत बसतात. तुम्ही बसू नका. डोंगराच्या कडेकडेनं चालत राहा, कडेला अगदी टेकून मात्र नव्हे. पायाखालचा काळा कातळ हा ज्वालामुखीच्या रसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला, म्हणून इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. ह्याच कातळात पलीकडे वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलं. पुस्तकात हे शाळेत वाचलेलं असतं, पण त्या दगडावर बसून दशमी खाताना ते खरं वाटायला लागतं.

दशमीवरून आठवलं. डब्याचा घोळ घालू नका. दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काकडी, बस्स. दशम्या दुधात भिजवा, दिवसभर मऊ राहतात. दह्यातली कोशिंबीर उन्हात आंबते, नको. प्रत्येकीनं दोन लिटर पाणी स्वतःच्या पिशवीत घ्यायचं, आणि त्यातल्या एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ.

इथं एक नाजूक गोष्ट स्पष्टच लिहिते. प्रवासात "जायची" पंचाईत नको म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. मग दुपारी डोकं धरतं, रात्री जळजळ सुरू होते आणि सहलीला दोष लागतो. त्यापेक्षा स्टँडवर जाऊन घ्या, आणि माळावर गरज लागलीच तर चौघी असाल, दोघींनी ओढणी धरायची. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून मी म्हणते, एकटी-दुकटी जाऊ नका, चौघी-पाचजणी जा.

रविवार टाळा, पावसाळ्यात त्या दिवशी ह्या भागात गाड्यांची जत्रा असते. मधला वार बरा. सकाळी सातच्या सुमारास निघालात तर चार-साडेचारला घरी. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा पैशाचं कारण पुढं करू नका. "घरच्यांच्या जेवणाचं काय?" हा प्रश्न येणारच. रात्रीच आमटी करून ठेवा, भाताचे तांदूळ मोजून ठेवा. कुकरची शिट्टी मोजायला फार मोठी विद्या लागत नाही, यजमानांना जमते. आणि पोचायला पाच वाजले तर पाच वाजले. देवदर्शनाहून उशीर झाला तर घरात कुणी बोलत नाही, मग ह्याच दिवशी का बोलावं?

पायांत चपला नकोत, कापडी किंवा रबरी तळाचे बूट हवेत. साडीवर बूट कसे दिसतील ह्याची काळजी माळावरच्या शेळ्या करणार नाहीत. ओल्या कातळावर मात्र बुटांनीही सावकाश चाला. गुडघेदुखी असेल त्यांनी तलावापर्यंतच जावं, ती सहलही सहलच आहे.

दसऱ्यानंतर गेलात तर हिरवं गवत पिवळं पडलेलं असतं, तेही देखणं. येताना दौलताबादच्या बाजूला रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. डोळे उघडलेली, पण कडक फळं घ्या, पिशवीत चेंगरत नाहीत आणि दोन दिवसांत घरी पिकतात. फक्त ह्या दिवसांत माळावर कुसळं तयार झालेली असतात, आणि ती साडीच्या काठात, सलवारीच्या पायात शेकड्यांनी घुसतात. म्हणून जाड सुती सलवार किंवा जुनी साडी नेसा, नवी मुळीच नको.

घरी आल्यावर ती कुसळं बाहेरून ओढून काढत बसू नका. त्यांच्या टोकाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे मागे ओढलं की मोडतात आणि टोक कापडातच राहतं. कापड उलटं करा, आतून टोक धरा आणि ज्या दिशेनं घुसलं त्याच दिशेनं पुढं ओढून घ्या. हे धुण्याच्या आधी करायचं, नाहीतर भिजलेली कुसळं दुसऱ्या कपड्यांत शिरतात आणि मग आठवडाभर घरातली सगळी माणसं खाजवत बसतात.