समासातल्या टिपांचे काय?

रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये करणारा एक जुना कारखाना आहे. आमच्या पिढीतली माणसे त्याला अजूनही 'कलरकेम'च म्हणतात. पुढे त्याच्या फाटकावर 'क्लॅरियंट'ची पाटी लागली. जानेवारी २०२२ मध्ये क्लॅरियंटने रंगद्रव्यांचा धंदा विकला आणि पाटी जर्मनीच्या 'हॉयबाख'ची झाली. दोनशे वर्षांची परंपरा सांगणारे हे हॉयबाख एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघाले आणि मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या 'सुदर्शन केमिकल'ने ते विकत घेतले. सुदर्शनचा स्वतःचा कारखाना त्याच धाटावमध्ये. म्हणजे कालचे शेजारी आणि प्रतिस्पर्धी आज एका घरातले झाले. आणि फ्रँकफर्टपासून रोह्यापर्यंत एकोणीस ठिकाणांचा संसार पुण्याच्या एका कंपनीच्या पदरात आला.

मराठी मुलखातल्या कंपनीने जर्मन कंपनी घ्यावी, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण लग्न लागले म्हणजे संसार झाला असे नव्हे. दोन घरांची भांडी एका मांडणीवर लावायची वेळ आली की खरी कसोटी लागते. आजच्या कारखान्यात ही भांडी म्हणजे संगणकातली माहिती. अशा प्रत्येक विलीनीकरणात तीच कथा. एकाच निळ्या रंगाला एका कारखान्यात एक सांकेतिक क्रमांक, दुसऱ्यात दुसरा. एकाचा स्टोअरकीपर माल किलोत मोजतो, दुसऱ्याचा पिंपांत. एकीकडे हिशेबाची यंत्रणा वीस वर्षांपूर्वीची, दुसरीकडे कालपरवाची. मग वरिष्ठ कचेरीत ठरते की, सगळे मोडून एकच व्यवस्था उभी करायची आणि ती 'क्लाउड'वर न्यायची.

हे क्लाउड प्रकरण मला माझ्या पुतण्याने समजावले. तो पुण्यात याच कामात आहे. गणपतीला पेणला आला होता. म्हणाला, "काका, ढगबिग काही नाही हो. कंपनीने स्वतःचे मोठे संगणक बाळगायचे नाहीत. ज्यांचा तोच धंदा आहे, त्यांचे भाड्याने घ्यायचे. सगळ्या कारखान्यांची माहिती एका जागी, आणि जो तो आपापल्या टेबलावरून ती बघणार."

मी म्हटले, "म्हणजे घरच्या कपाटातले दागिने बँकेच्या लॉकरात."

"अगदी तसेच. आणि लॉकरही फार लांब नाही. मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रे २०१५ पासून पुण्या-मुंबईत आहेत, अॅमेझॉनचे २०१६ पासून मुंबईत."

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला लॉकरची उपमा लवकर पटते. लॉकरची किल्ली हरवली तर काय होते, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहायचे ठरवले. मी संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. पण जाड लेजरमधून संगणकात झालेले स्थलांतर मी हाताने केले आहे.

प्रथम कबुली देतो. तरुणपणी मी संगणकाच्या विरोधात घोषणा दिल्या आहेत. १९८३ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात संगणकीकरणाचे करार झाले. ते होईपर्यंत 'यंत्र आले की माणूस गेला' हेच आमचे ब्रीद होते. आज मागे वळून पाहताना वाटते की, आमची भीती खरी होती, पण विरोध चुकीच्या जागी होता. पूर्वी रोह्याच्या खातेदाराला पेणमध्ये पैसे मिळत नसत. कोअर बँकिंग आले, सर्व शाखांची वही एक झाली आणि खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला. याहून मोठी सोय सामान्य माणसाची क्वचितच झाली असेल.

वही एक नसली की काय होते, याचा धडा २०१८ मध्ये देशाला मिळाला. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश जात होते. ते पाठवणारी 'स्विफ्ट' यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकाला जोडलेलीच नव्हती. एका वहीत हमी, दुसऱ्या वहीत तिची नोंदच नाही. तेरा हजार कोटींहून अधिक रकमेचा घोटाळा त्या फटीत वर्षानुवर्षे लपून राहिला. तेव्हा 'एकच व्यवस्था हवी' असे कोणी म्हणाले, तर माझे मत त्याच्या बाजूचे. जुनी यंत्रे तशीच चालू ठेवणे हेही शहाणपण नव्हे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. पण कारखान्यांच्या प्रयोगशाळांत एखाद्या उपकरणाला जोडलेला त्याहूनही म्हातारा संगणक हमखास सापडतो. चोर आधी तीच खिडकी शोधतो.

पेणचा वाचक मला इथे थांबवील. तो विचारील, "अहो, पेण अर्बन बँकेचे काय झाले?" सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, बोगस कर्जखात्यांची कथा बाहेर आली, आणि मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी पै पै साठवलेली माणसे रस्त्यावर उतरली. त्यांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. प्रश्न रास्त आहे. खोटी नोंद कागदावर केली काय आणि संगणकात केली काय, ती खोटीच. एकच वही केल्याने माणूस प्रामाणिक होत नाही. फार तर लबाडी लवकर दिसते, तीही बघणाऱ्याची इच्छा असेल तर. यंत्रणा विकणारे लोक एवढे सांगायचे बहुधा विसरतात.

पण मला आज सांगायचे आहे ते याहून वेगळे आहे, आणि ते माझ्याच हातून घडलेले आहे.

याच जिल्ह्यातल्या एका शाखेत लेजरवरून संगणकावर जाण्याची जबाबदारी माझ्यावर होती. शनिवार, रविवार आणि मधली रात्र आम्ही जागलो. प्रत्येक खात्याची शिल्लक चढवली, बेरजा पैशापर्यंत जुळल्या. सोमवारी सकाळी पेढे वाटले. जुनी लेजरे दोरीने बांधून माळ्यावर टाकली.

त्या लेजरांत एका आजींचे खाते होते. अंगठ्याचे. त्या पानाच्या समासात आधीच्या कोणा अधिकाऱ्याने तांबड्या शाईने लिहिले होते, 'पैसे देण्यापूर्वी बाईंना एकटे आत बोलावून विचारावे.' संगणकात नाव, पत्ता, शिल्लक यांना रकाने होते. या ओळीला रकाना नव्हता. ती माळ्यावर गेली. काउंटरवरचा जुना कारकून बदलून गेला, नवा आला. मुलगा आजींना घेऊन येई, त्या अंगठा उठवत, पैसे तो मोजून घेई. वर्षाच्या आत खाते रिकामे झाले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आजी शेजारणीबरोबर आल्या, तेव्हा त्यांना ते कळले. "साहेब, मी तर पाचशेच काढायला येत होते," एवढेच त्या बोलल्या. प्रत्येक व्हाउचर नियमाप्रमाणे होते. ऑडिटरने एक शब्द काढला नाही. पण त्या समासातल्या ओळीचा मारेकरी मीच होतो, आणि बेरीज जुळल्याचे पेढेही मीच वाटले होते.

कारखान्यातही असे समास असतात. अॅझो जातीची रंगद्रव्ये करताना पहिली क्रिया बर्फ घालून शून्य ते पाच अंशांच्या आसपास ठेवावी लागते. तापमान चढले की माल बिघडतो. पुढे गाळणे, वाळवणे, दळणे, आणि शेवटी नमुन्याशी छटा जुळवणे. याची कृती कागदावर असते. पण पावसाळ्यात कोणत्या मालाला वाळायला जास्त वेळ द्यायचा, कोणत्या व्हॉल्व्हचा काटा जरा खोटे बोलतो, कोणत्या पंपाचा आवाज बदलला की फोरमनला उठवायचे, हे वीस वर्षे पाळी केलेल्या माणसाच्या खिशातल्या डायरीत किंवा डोक्यात असते. एकच व्यवस्था करताना सगळ्या कारखान्यांना समान रकाने आखावे लागतात, आणि समान रकाने आखले की समास पहिल्यांदा कापला जातो.

दुसरी गोष्ट किल्लीची. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा संगणकी विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघाला. मर्स्क या जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीच्या एकमेकांत गुंफलेल्या यंत्रणेत तो शिरला, आणि आमच्या रायगड जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. युक्रेनमध्ये काडी पडली आणि उरणमध्ये धूर निघाला. मर्स्कच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितले की, चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्यातली गंमत अशी की, सगळ्या यंत्रणेचा नकाशा म्हणावा अशी एक मोलाची प्रत वाचली ती घानामध्ये, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! आम्हा कोकणवासीयांना वीज जाण्याचा असा उपयोग कधी सुचला नसता.

आणि आपल्याकडे विषाणूच हवा असेही नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडून जिल्ह्यात शिरले. खांब आडवे झाले, मनोरे बंद पडले, आणि कित्येक गावांत वीज आणि फोन यांचा बरेच दिवस पत्ता नव्हता. पुण्यातले लॉकर त्या दिवशीही शाबूत असेल. पण तिथवर जाणारी वाट आंब्याच्या झाडाखाली पडली असेल, तर रोह्याच्या पाळीवाल्याला त्याचा उपयोग काय?

अशा वेळी काय उपयोगी पडते, हे नॉर्वेच्या 'नॉर्स्क हायड्रो' या अॅल्युमिनियम कंपनीने दाखवले. चाळीस देश, पस्तीस हजार माणसे. मार्च २०१९ मध्ये तिचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. कंपनीने खंडणी दिली नाही. दारांवर हाताने लिहिलेल्या सूचना लागल्या, कामाचे आदेश कागदावर निघाले आणि जुन्या पद्धतीने काम कसे चालत असे हे ठाऊक असलेली काही निवृत्त माणसे मदतीला परत आली. कंपनी तरली, कारण हाताने काम करणारी पिढी अजून हयात होती. आणखी वीस वर्षांनी कोणाला बोलावणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, एकच वही जरूर करा, पण तीन गोष्टी तिच्या आधी करा.

पहिली, समास उतरवून घ्या. बेरजा जुळवायला जेवढे दिवस देता, तेवढेच दिवस निवृत्तीला टेकलेल्या पाळीवाल्यांशेजारी बसायला द्या. कंत्राटी कामगारांशेजारीही, कारण धोक्याच्या जागी बहुधा तेच असतात. आणि नव्या यंत्रणेत प्रत्येक नोंदीला एक मोकळा रकाना ठेवा, जिथे रोह्याचा माणूस आपल्या भाषेत दोन ओळी लिहू शकेल.

दुसरी, किल्लीचा एक जोड गावात ठेवा. यंत्र थांबवायचे की चालवायचे, हा निर्णय तारेच्या दुसऱ्या टोकावर अवलंबून नसावा. कोणत्या टाकीत काय आणि किती आहे, याचा छापील कागद रोज फाटकावर असावा. आग लागली तर अग्निशामक दलाच्या जवानाने पासवर्ड विचारत बसायचे काय? भोपाळनंतर, १९८४ नंतर, हा प्रश्न गमतीचा राहिलेला नाही. धाटावच्या कुंपणाबाहेर गावे आहेत, शाळा आहेत, कुंडलिका नदी आहे.

तिसरी, सराव. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांनुसार आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम करावीच लागते. भोंगा वाजतो, माणसे मैदानात जमतात, हजेरी होते. त्याच तालमीत वर्षातून एकदा जोडणीची तार काढून ठेवा आणि एक पूर्ण पाळी कागद-पेन्सिलीवर चालवून दाखवा. एका पाळीचे उत्पादन कमी होईल. विम्याचा हप्ता समजा.

हा खर्च फुकटचा आहे असे कोणी म्हणेल. पुतण्याही तेच म्हणाला. "काका, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात याला मथळाच नसतो." नेमके तेच तर माझे दुखणे आहे. आमच्याही संगणकीकरणाच्या अंदाजपत्रकात समासासाठी मथळा नव्हता.

सुदर्शन असो, आणखी कोणी असो, धाटावच्या कारखान्यांत पाट्या बदलत राहतील, यंत्रणाही बदलतील. बदलाव्यातच. पण पुढच्या तालमीचा भोंगा वाजेल, तेव्हा रोह्याच्या कामगाराने, त्याच्या संघटनेने आणि कुंपणाबाहेरच्या ग्रामपंचायतीने एक साधा प्रश्न जरूर विचारावा : आज तार काढली, तर पाळी चालवता येईल असा माणूस या फाटकाच्या आत कोण आहे? उत्तरात एखादे नाव आले तर ठीक. नुसते यंत्रणेचे नाव आले, तर मात्र माळ्यावर चढून जुनी लेजरे खाली काढावीत.